ठेव एक, विश्वस्त दोन

जून महिन्याच्या मध्यावर पावसाच्या पहिल्या सरी ओसरीवर येऊ लागल्या की आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांतून सहा वर्षांचे एक मूल नवे दप्तर पाठीवर घेऊन बाहेर पडते. शाळेच्या फाटकापाशी आई त्याचे बोट सोडते आणि एक अनोळखी स्त्री ते बोट हाती घेते. या साध्या घटनेत केवढा मोठा नैतिक व्यवहार घडून जातो, याचा विचार आपण क्वचितच करतो. घरातले चार दागिने कोणाकडे ठेवायला द्यायचे झाले तर आपण त्या माणसाची सात पिढ्यांची चौकशी करू. मूल मात्र ज्या व्यक्तीच्या स्वाधीन करतो, तिचे पूर्ण नावही पुष्कळ पालकांना दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ठाऊक नसते. 'बाई', 'टीचर', 'गुरुजी' एवढ्यावर सारे भागते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. वर्षाचे तास भरतात ८,७६०. म्हणजे बाईंच्या वाट्याला मुलाच्या आयुष्याचा जेमतेम अकरावा हिस्सा येतो. तरीही मूल बिघडले की आपण म्हणतो, "शाळेने काय शिकवले?" आणि शाळा म्हणते, "घरूनच तसे येते." हे दोन्ही उद्गार ऐकता ऐकता माझ्यापुढे वारंवार एक प्रश्न उभा राहतो. हे मूल नेमके कोणाचे? आणि ते ज्या दोघांच्या हाती आहे, त्यांनी एकमेकांचे काय देणे लागते?

पहिल्या प्रश्नावर ख्रिस्तसभेने संदिग्धता ठेवलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जो जाहीरनामा प्रसृत केला, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत असे स्पष्ट म्हटले आहे. ते या कामात उणे पडले तर ती उणीव दुसऱ्या कोणाला भरून काढणे जवळजवळ अशक्य, असेही पुढे बजावले आहे. हा भाग आपल्या प्रवचनांतून पुष्कळदा ऐकू येतो. त्याच जाहीरनाम्यात शिक्षकांनी पालकांशी भागीदारीने काम करावे असे सांगितलेले आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पुढे १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी कुटुंबाविषयीच्या आपल्या प्रबोधनपत्रात आणखी एक पाऊल टाकले. आईवडिलांचा शिक्षणाचा हक्क कोणालाही हिरावून घेता येत नाही, असे सांगून लगेच ते म्हणतात की या हक्काबरोबर एक गंभीर कर्तव्यही येते, ते म्हणजे शिक्षकांशी आणि शाळेच्या चालकांशी जिव्हाळ्याचे व क्रियाशील नाते राखण्याचे. म्हणजे बाईंशी चांगले वागणे हा सभ्यतेचा किंवा सोयीचा विषय राहत नाही. तो पालकत्वाचाच एक भाग ठरतो.

याच्या मुळाशी जाऊ लागलो की आणखी एक गोष्ट दिसते. आईवडील पहिले शिक्षक खरे, पण मूल त्यांच्याही मालकीचे नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण ते देवाचे म्हणून स्वीकारले. मालक एकच, आणि त्याची ठेव सांभाळणारे विश्वस्त दोन. त्यातला एक जन्माने नेमलेला, दुसरा विश्वासाने. विश्वस्तांना एकमेकांवर धनीपणा गाजवता येत नाही. एकमेकांना हिशेब मात्र द्यावा लागतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाविषयी विवेचन करताना वैद्याचा दृष्टान्त घेतला आहे. रोग बरा करते ती शरीराची आतली शक्ती. वैद्य तिला साहाय्य करतो. तसेच ज्ञान मिळवते ते शिकणाऱ्याचे स्वतःचे विवेकबळ. शिक्षक त्याला बाहेरून हात देतो. सेमिनरीत हे वाचताना ते केवळ तत्त्वज्ञानाचे एक कलम वाटते. प्रगतिपुस्तक हातात घेऊन तावातावाने बोलणारे वडील समोर बसले की त्याची खरी किंमत कळते. "बाईंनी याला गणित शिकवलेच नाही," असे ते म्हणतात, तेव्हा मुलाच्या आत जे व्हायचे आहे ते बाहेरून कोणीतरी भरून द्यावे, ही त्यांची अपेक्षा असते. भांड्यात पाणी भरावे तसे मूल भरता येत नाही. ते बाईंना भरता येत नाही, तसे आईलाही भरता येत नाही. ही मर्यादा दोघांची समान आहे हे एकदा मान्य झाले, की आरोपाची धार आपोआप बोथट होते.

आपल्याकडे शिक्षकासमोर उभे राहण्याच्या दोन रीती रूढ होत चालल्या आहेत आणि दोन्ही मला चिंताजनक वाटतात. पहिली ग्राहकाची. फी मोजली आहे, तेव्हा माल चोख हवा. शुल्काने शाळेचा खर्च भागतो. माणसाची माया शुल्काच्या पावतीत येत नाही. शिवाय ज्या बाईंपुढे आपण ग्राहक म्हणून उभे राहतो, त्यांच्या पदरात त्या शुल्कातले किती पडते? महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना सुरू झाली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला दरमहा ३,००० रुपये मानधन होते. अनेक वर्षांच्या मागणीनंतर २०२३ मध्ये ते १६,००० झाले. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षिकांची अवस्था तर त्यांनाच ठाऊक. पगार कमी म्हणून शिक्षकाचे कर्तव्य कमी होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण ज्याच्याशी आपण व्यवहार करतो त्याच्या ताटात काय आहे, एवढे माहीत असणे हा न्यायाचाच भाग आहे.

दुसरी रीत याचकाची, आणि तिच्यामागे मला एक न बोललेले दुःख दिसते. वसईच्या पट्ट्यातील आपल्या घरांत कुठे कादोडी, कुठे वाडवळी, कुठे कोळी बोली चालते. मागची पिढी धर्मग्रामाच्या मराठी शाळेत शिकली. आज त्याच पिढीची मुले इंग्रजी माध्यमात जातात. पालकसभेच्या दिवशी वाडीतले काम टाकून, धुतलेले कपडे घालून आई शाळेत येते आणि वर्गाच्या दाराशी तिची जीभ टाळ्याला चिकटते. टीचर इंग्रजीत दोन वाक्ये बोलतात, ही मान डोलावते, सही करते आणि परत फिरते. तिच्या मनात विचारण्यासारखे दहा प्रश्न असतात. मूल रात्री का दचकते, डबा तसाच का परत येतो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते. भाषेच्या लाजेपोटी त्यातले एकही शाळेपर्यंत पोहोचत नाही. शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांनी सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये गरीब कारागिरांच्या मुलांना आधी लॅटिन नव्हे, तर त्यांच्या रोजच्या फ्रेंच भाषेत वाचायला शिकवले. लहान मुलाकडे त्याच्या घरच्या भाषेतून जाण्याची ही वाट पालकांकडे जातानाही शिक्षकांनी धरायला नको का? आमच्या टीचरही बहुधा मराठीच असतात. पालकसभेपुरती इंग्रजीची झूल उतरवायला त्यांना कोणाची हरकत असावी? आणि आईने मराठीत विचारले तर तिचा मान कसला कमी होतो? मला विचाराल तर दाराशी अडखळणाऱ्या त्या आईचे मौन हे चार ग्राहक पालकांच्या आरडाओरडीपेक्षा मुलाला अधिक महागात पडते.

आता या नात्याची खरी कसोटी लागते त्या क्षणाकडे येतो. मूल संध्याकाळी घरी येते, दप्तर टाकते आणि म्हणते, "बाई मला वाईट बोलल्या." अशा वेळी आईने कोणावर विश्वास ठेवावा?

संत इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेच्या आरंभीच एक सूचना आहे. साधना देणारा आणि घेणारा, म्हणजे एका अर्थी गुरू आणि शिष्य, यांनी एकमेकांशी कसे वागावे, यासाठी ती आहे. तिचा आशय असा: दुसऱ्याचे बोलणे दोषी ठरवण्याऐवजी त्याचा चांगला अर्थ लावण्याची ओढ चांगल्या ख्रिस्ती माणसाला असावी. तसा अर्थ लावता येत नसेल तर त्याला काय म्हणायचे आहे, हे त्यालाच विचारावे. त्याचे खरोखर चुकत असेल तर प्रेमाने ते दाखवून द्यावे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने उतावळ्या निवाड्याविषयी बोलताना हीच सूचना उद्धृत केली आहे. तिच्यातील पायऱ्यांचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. सद्भाव ठेवून गप्प बसा, असे इग्नेशियस सांगत नाहीत. सद्भाव ठेवून विचारा, असे ते सांगतात. आपल्याकडे पहिली पायरी आणि तिसरी पायरी माहीत असते, म्हणजे एकतर गप्प राहायचे नाहीतर भांडायचे. मधली, विचारण्याची पायरी आपण गाळतो.

एका घरातली हकिकत सांगतो. दुसरीतल्या मुलाने वर्गात उत्तर देताना घरच्या बोलीतला शब्द वापरला. बाई हसल्या, मग सारा वर्ग हसला. मुलगा घरी काही बोलला नाही. वर्गात बोलणेच त्याने बंद केले. आठवड्याने आईला दुसऱ्या मुलाकडून समजले. वडील संतापले. तुकडी बदलून घ्या, मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करा, इथपर्यंत गोष्ट गेली. आईने मात्र शाळा सुटण्याच्या वेळी बाईंना गाठले आणि एवढेच विचारले, "बाई, त्या दिवशी वर्गात काय झाले ते मला सांगाल का?" बाई घाटावरच्या. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या. तो शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या गावच्या बोलीत त्याच्याजवळ जाणाऱ्या उच्चाराचा अर्थ भलताच होता. त्या ओशाळल्या, पण "मी त्याला हसले नाही हो" याच्या पलीकडे फारसे काही बोलल्या नाहीत. आईलाही ते पुरेसे वाटले नसावे. मुलगा लगेच बोलू लागला असेही नाही. नाताळापर्यंत तो वर्गात घुम्यासारखाच बसे. फरक पडला तो एवढाच की बाई अधूनमधून त्या आईला फाटकापाशी थांबवून विचारू लागल्या, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" आणि घरी जेवताना बाईंचे नाव निघाले की कोणी तोंड वाकडे करीनासे झाले. मुलाने ते पाहिले असणार. मुले ऐकतात त्याहून अधिक पाहतात.

या हकिकतीत आईने मुलावर अविश्वास दाखवला का? मला तसे वाटत नाही. मुलाला झालेली जखम तिने खरी मानली. बाईंचा हेतू काय होता, हा प्रश्न तिने उघडा ठेवला. मुलाचे दुःख ही घटना आहे, ती खरीच मानायची. शिक्षकाचा हेतू हा अंदाज आहे, तो विचारल्यावाचून पक्का करायचा नाही. दोन्ही कर्तव्ये एका वेळी पार पाडता येतात, ती अशी.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख घातक ठरेल. संत अगस्तीन यांनी चाळिशी ओलांडल्यावर, बिशप झाल्यावर, आपल्या 'कबुलीजबाबां'त बालपणीच्या शाळेविषयी लिहिले आहे. शाळेत मार मिळे. लहानगा अगस्तीन देवापाशी काकुळतीने मागणे मागे की मला मार बसू नये. मोठी माणसे, त्याचे काही वाईट व्हावे असे मुळीच न वाटणारे त्याचे आईवडीलसुद्धा, त्याच्या वळांना हसत. तीस-पस्तीस वर्षे लोटली, तो माणूस ख्रिस्तसभेचा महान आचार्य झाला, पण ते हसणे त्याच्या मनातून गेले नाही. संत मोनिकेसारखी प्रार्थनाशील आई असूनही हे घडले, हे आपल्या मातासंघांनी एकदा शांतपणे वाचावे असे मला वाटते. "गुरुजींनी मारले ना? मग तुझेच काहीतरी चुकले असेल," हे वाक्य आपल्या आजोबांच्या पिढीत शहाणपणाचे मानले जाई. त्या वाक्यात शिक्षकाविषयीचा आदर होता, हे खरे. त्यात मुलाला एकटे टाकणेही होते.

शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नसल्याचा निर्णय दिला होता, याचा दाखला कधीकधी दिला जातो. आपल्या शाळांना अशा पळवाटेची गरज पडावी, हीच लाजिरवाणी गोष्ट होय. मुलाच्या अंगाला लागलेल्या हाताचा 'चांगला अर्थ' लावत बसणे म्हणजे इग्नेशियस यांच्या सूचनेचा विपर्यास आहे. आणि मुलाच्या बोलण्यात लैंगिक अत्याचाराची शंका येईल असे काही असले, तर तेथे शिक्षकाला विचारायला जाण्याची पायरीच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे, मग आरोपी शिक्षक असो, शेजारी असो की धर्मगुरू असो. संस्थेचे नाव राखण्यासाठी मुलांना गप्प बसवण्याची किंमत काय असते, हे ख्रिस्तसभा फार उशिरा आणि फार लाजेने शिकली आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना व व्रतस्थांना असे प्रकार वरिष्ठांना कळवण्याचे बंधन घातले, ते या शिकण्यातूनच. सद्भावाला येथे मर्यादा येते. आईवडिलांनी ती मनात स्वच्छ आखून ठेवावी, म्हणजे उरलेल्या साऱ्या प्रांतात त्यांना निर्धास्तपणे सद्भाव दाखवता येईल.

त्या उरलेल्या प्रांतातच आपल्या हातून अधिक पापे घडतात. प्रत्येक वर्गाच्या पालकांचा आता व्हॉट्सॲपवर एक गट असतो. गृहपाठ काय दिला, उद्या गणवेश कोणता, अशी त्याची सुरुवात असते. महिनाभरात तेथे बाईंचा न्यायनिवाडा सुरू होतो. धर्मशिक्षण ग्रंथ या बाबतीत तीन दोष वेगळे करून सांगतो: पुराव्यावाचून दुसऱ्याला दोषी मानणे, खोटे सांगून त्याची अब्रू घेणे, आणि तिसरा, ज्याकडे आपले लक्ष जात नाही तो, दुसऱ्याचा खरा दोष, सबळ कारण नसताना, ज्यांना तो माहीत नव्हता त्यांना सांगणे. "पण फादर, मी खोटे कुठे लिहिले?" हा बचाव या तिसऱ्या दोषापुढे टिकत नाही. बाईंनी चौथ्या बाकावरच्या मुलाची वही आठ दिवस तपासली नाही हे खरे असेल. ते चाळीस घरांत पोहोचवण्याचे कारण काय होते? मुले मोबाइल पाहतात, वाचतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाईंसमोर हात जोडून प्रार्थनेला उभी राहतात.

भेटवस्तूंविषयी दोन शब्द. नाताळच्या फराळाची डबी, वाडीतल्या केळ्यांची फणी, मोगऱ्याचा गजरा, यांत मला काही वावगे दिसत नाही. आपल्या लोकांचे प्रेम हातातूनच व्यक्त होते. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात जाणाऱ्या साडीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. आणि ज्या शिक्षकाने शिकवणीला येणाऱ्या मुलाकडे वर्गात अधिक लक्ष दिले, त्याने विश्वस्ताचे दुकान केले असे मी म्हणेन. कायद्यानेही शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई आहे.

शेवटी माझ्या दाराशी येणाऱ्यांविषयी. शाळा धर्मग्रामाची असली की धर्मगुरू तिचा व्यवस्थापक असतो, आणि रविवारच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी एक वाक्य ठरलेले असते: "फादर, त्या बाईंना जरा सांगा ना." मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने पायऱ्या घालून दिल्या आहेत. बंधूचा अपराध असला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा. त्याने न ऐकले तर एकदोघांना सोबत ने. त्यानेही भागले नाही तर मंडळीला सांग. आपले लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. वरून आलेला शब्द बाईंना घाबरवतो, सुधारत नाही. आणि घाबरलेला शिक्षक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्या मुलापासून दूर राहणे. त्याला रागावत नाहीत, पण जवळही घेत नाहीत. पालकांना वाटते, काम झाले.

म्हणून अशा वेळी मी दोन गोष्टी विचारतो. बाईंना भेटलात का? आणि याआधी, काही तक्रार नसताना, कधी भेटला होतात का? पहिल्याचे उत्तर 'नाही' आले तर चहा देऊन परत पाठवतो. 'भेटलो, पण त्यांनी ऐकून घेतले नाही' असे असेल तर दुसऱ्या पायरीसाठी मी स्वतः सोबत जातो, आणि अशा भेटीत मुलाला बाहेर खेळायला पाठवतो. दुसऱ्या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुतेक वेळा खाली बघणे हेच असते. गेल्या वर्षी एका वडिलांनी मात्र सरळ विचारले, "तक्रार नसताना जाऊन बोलायचे तरी काय, फादर?" मी म्हटले, तुमचा मुलगा कशाला भितो ते सांगा, त्याला कोणता खेळ आवडतो ते सांगा, आजी वारल्यापासून तो नीट झोपत नाही हे सांगा. आणि घरी परतण्यापूर्वी बाईंना विचारा की वर्गात त्याच्या शेजारी कोण बसते.